होन चारचा की पाचचा? मोगलांची मोहर, दक्षिणेचं सोनं आणि औरंगजेबाची दख्खन

टांकसाळ्या (धागाकर्ता):

आपल्याकडे मोगल आणि दख्खन म्हणलं की वेढे, किल्ले, तहनामे हेच निघतं, पैशाचं कोणी बोलत नाही आणि बोललंच तर लूट किती नेली एवढंच. म्हणून हा धागा फक्त सोन्याच्या नाण्यांवर. माझं म्हणणं साधं आहे. मोगल साम्राज्य चालायचं चांदीच्या रुपयावर, दक्षिण चालायची सोन्याच्या होनावर, आणि या दोन हिशोबांच्या मधे जी फट होती तिच्यात बरंच राजकारण शिजलं.

१६३६ साली शाहजहानने गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाकडून मांडलिकीचं लिहून घेतलं. खुतबा (शुक्रवारच्या नमाजातलं प्रवचन) बादशहाच्या नावाने, नाणी बादशहाच्या नावाची आणि दरसाल २ लाख होन खंडणी. तेव्हा होनाचा भाव ४ रुपये, म्हणजे झाले ८ लाख. गोवळकोंडेवाले आपले ८ लाख रुपये धाडत राहिले (तेही थकवत थकवत). पण इकडे होन चढत गेला, आधी साडेचार, मग पाच. १६५३ मधे औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि त्याने हिशोब उकरून काढला की बाबांनो करार होनात झालाय, रुपयात नाही, तर आजच्या भावाने द्या आणि मागच्या सगळ्या वर्षांचा फरकही टाका. हा फरकच निघाला २० लाख रुपये! जदुनाथ सरकारांनी हे दिलंय. डॉलरमधे कर्ज काढून रुपयात हप्ते भरणाऱ्याची जी गत होते तीच कुतुबशहाची झाली, फरक इतकाच की इथे वसुलीला बँकेचा माणूस न येता फौज आली. निमित्त कुतुबशहाचा वजीर मीर जुमला मोगलांकडे फुटला आणि कुतुबशहाने त्याच्या कुटुंबाला अटक केली याचं झालं, जानेवारी १६५६ मधे औरंगजेबाचा मुलगा मुहम्मद सुलतान हैदराबादेत घुसला, शहर लुटलं गेलं आणि गोवळकोंड्याला वेढा पडला. शाहजहानचा हुकूम आला म्हणून वेढा उठला, नाहीतर १६८७ ला गोवळकोंडा पडला ती गोष्ट तेव्हाच उरकली असती.

आता नाण्यांकडे. मोगलांची मोहर साधारण ११ ग्रॅमची, जवळपास शुद्ध सोनं. पण मोहर बाजारात फिरायची नाही हो. ती नजराण्याला, खजिन्यात, सावकाराच्या पेटीत. सैनिकाचा पगार, बाजारातला सौदा, जहागिरीचा वसूल हे सगळं रुपयात आणि खाली तांब्याच्या दामात. दक्षिणेत उलटं. होन साधारण ३.४ ग्रॅमचा, विजयनगरच्या वराहापासून चालत आलेलं माप. त्याच्या खाली फनम म्हणजे इवलीशी सोन्याची टिकली, वजन एका ग्रॅमच्या तिसऱ्या भागाच्या आसपास. नखावर ठेवली आणि शिंक आली तर गेली. म्हणजे तिकडे किरकोळ खरेदीसुद्धा सोन्यात व्हायची आणि चांदीला फारसं स्थान नव्हतं. १५६५ ला विजयनगर पडलं तरी हे माप पडलं नाही, पुढे नायकांनी, पाळेगारांनी, डच-इंग्रजांनी सगळ्यांनी तेच धरलं.

मग १६८६ च्या सप्टेंबरात विजापूर पडलं, १६८७ च्या सप्टेंबरात गोवळकोंडा. गोवळकोंड्यात रोख जवळपास सात कोटी रुपयांचा ऐवज मिळाला म्हणतात, दागदागिने वेगळे. लगेच टांकसाळी सुरू आणि नाण्यावर गावांची नवी नावं. विजापूर झालं दार-उझ-जफर, हैदराबाद झालं दार-उल-जिहाद. बीदर आधीच जफराबाद झालेलं, औरंगाबादचं नाव नाण्यावर खुजिस्ता बुनियाद, गुलबर्गा अहसनाबाद, सगर नुसरताबाद, अदोनी इम्तियाजगड. एखाद्याने फक्त या टांकसाळींची नावं सालवार मांडली तरी औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमेचा नकाशा तयार होतो, फौज पुढे सरकली की मागे टांकसाळ आलीच.

पण खरी गंमत पुढे आहे. अदोनीचा किल्ला १६८८ मधे सिद्दी मसूदकडून घेतला आणि इम्तियाजगड नाव दिलं. याच टांकसाळीचे फर्रुखसियर आणि मुहम्मदशहा यांच्या नावाचे सोन्याचे होन मिळतात. अक्षरं फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि वजन मात्र होनाचं! सव्वाशे-दीडशे वर्षं मोहर आणि रुपया मिरवणाऱ्या साम्राज्याला तुंगभद्रेपाशी आल्यावर तिथल्या बाजाराच्या मापाने सोनं कापावं लागलं. जिंकलं मोगलांनी पण नाण्याच्या बाबतीत दक्षिणेने त्यांना वाकवलं असं माझं मत. ज्यांना पटत नसेल त्यांनी खाली या.

गणिती_गोट्या:

मस्त धागा. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला, सवय. २० लाखांचा आकडा बरोबर बसतो बघा. १६३६ ते १६५६ वीस वर्षं, २ लाख होन दरसाल, सरासरी फरक होनामागे अर्धा रुपया धरला तर वर्षाला १ लाख, वीस वर्षांचे २० लाख. म्हणजे औरंगजेबाच्या दफ्तरदाराने आकडा हवेतून काढलेला नव्हता, व्यवस्थित पाटी-पेन्सिल घेऊन बसला होता तो.

दुसरं, होन का चढला तेही वजनावरून दिसतं. होन ३.४, मोहर १०.९ धरा, म्हणजे होन मोहरेच्या ३१ टक्के. अकबराच्या वेळी मोहर ९ रुपयांची होती, शाहजहानच्या काळात ती १४ च्या घरात गेली. १४ ची मोहर धरली तर होन येतो ४.३७. मोहर १६ ची झाली की होन बरोब्बर पाचचा. होनाचं सोनं थोडं कमी कसाचं असायचं ते सोडून देऊ. म्हणजे सोनंच रुपयाच्या तुलनेत महाग होत होतं, कुतुबशहाने काही लबाडी केली नव्हती आणि औरंगजेबाने भाव वाढवला नव्हता, चांदी इतकी येत होती की ती स्वस्त झाली.

वाचनवेडी:

वाखु (वाचनखूण) साठवली. पण एक बेसिक प्रश्न, दक्षिणेकडे एवढं सोनं आलं कुठून? कोलारची खाण म्हणावी तर ती इंग्रजांच्या काळातली ना?

दर्यावर्दी:

@वाचनवेडी, खाणीतून थोडंफार निघायचं पण मुख्य सोनं आलं समुद्रावरून. उत्तरेत चांदी यायची सुरतेला, अमेरिकेतली चांदी युरोपमार्गे, तांबडा समुद्र आणि इराणच्या आखातातून. कोरोमंडळ किनाऱ्याचा व्यापार पूर्वेकडचा, इथलं कापड जायचं मलाक्का-जावा-सुमात्राकडे आणि बदल्यात सोनं यायचं. त्यात १६६८ मधे जपानने चांदी बाहेर नेण्यावर बंदी घातली, मग डच कंपनीने तिथून सोन्याचे कोबान उचलायला सुरुवात केली आणि ते थेट कोरोमंडळला. कोबान माहितेय का, लांबट पातळ सोन्याचा पत्रा असतो, कडेला ठसे मारलेले. तो वितळवून होन पाडायचे, पुलिकतला डचांची स्वतःची टांकसाळच होती. म्हणजे नागासाकीचं सोनं आणि वर विष्णूची मूर्ती!

त्यामुळे गोवळकोंडा हातात घेणं म्हणजे नुसत्या हिऱ्याच्या खाणी नाहीत, मच्छलीपट्टण बंदरही आलं. हे मोगलांना पक्कं ठाऊक होतं.

सह्यकडा:

आपल्याकडचा दुवा राहिलाच की. पुरंदरच्या तहात (१६६५) सगळे आकडे होनातच आहेत. २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख मिर्झाराजाला, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा महाराजांकडे. वर विजापूरकरांचा तळकोकणातला ४ लाखांचा आणि बालाघाटातला ५ लाख होनांचा मुलूख मिळाला तर बादशहाला ४० लाख होन, १३ हप्त्यांत, दरसाल ३ लाख. गोट्याभाऊ, १३ त्रिक ३९, वरचा लाख कुठे गेला ते तुम्हीच शोधा :) तह मोगलांचा, मसुदा मोगलांचा, पण हिशोब होनाचा, कारण मुलूख विजापुरी होता आणि तिथलं महसुलाचं मोजमापच होनात.

१६७७ ला महाराज भागानगरला (हैदराबादला) गेले तेव्हा कुतुबशहाने रोज ३००० होन द्यायचं कबूल केलं, ते इंग्रजी पुस्तकांत महिना साडेचार लाख रुपये असं येतं. ९० हजार होन गुणिले ५. म्हणजे तेव्हाही भाव पाचचाच धरलेला दिसतो.

आणि राज्याभिषेकाला शिवराई होन काढला, श्री राजा शिव आणि मागे छत्रपती. वजन तीन ग्रॅमच्या जरासं आतच. मोहर नाही काढली, होन काढला. सभासद बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे ती वाचाच, देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई, धारवाडी, कावेरीपाक, एकेक होनाचं नाव वेगळं. विजयनगर पडून शंभर वर्षं झाली तरी देवरायाचा होन रायगडावर चालतोय.

चिकित्सक_चिंतू:

धागा वाचनीय आहे पण टांकसाळ्याशेठ, जरा दमानं घ्या.

होनाच्या भावावरून लढाई झाली हे वाक्य टाळ्या घेतं, पण औरंगजेबाला गोवळकोंडा हवाच होता. मीर जुमला फुटला नसता आणि होन चारवरच राहिला असता तरी त्याने तिसरं काहीतरी शोधलं असतं. थकबाकी हे निमित्त होतं, कारण नव्हे. आणि १६८६-८७ मधे तर निमित्ताचीही गरज उरली नाही.

आणि दक्षिणेने वाकवलं हे मला अर्धंच पटतं. दख्खन म्हणजे फक्त अदोनी नाही. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, नाशिक (नाण्यावर गुलशनाबाद), आपलं पुणं (मुहियाबाद) इथे रुपया आला आणि कायमचा बसला. मराठेशाहीत पुढे काय चाललं? अंकुशी रुपया, चांदवडी रुपया. पेशव्यांचा जमाखर्च रुपयात. शिवराई होन किती सापडतात आणि पुढच्या काळातले रुपये किती सापडतात ते बघा. होनवाल्या छत्रपतींच्या राज्यात शंभर वर्षांत सगळे रुपयावाले झाले. यात मोगलांची जीत नाही?

टांकसाळ्या:

चिंतूशेठ, निमित्त आणि कारण वेगळं हे मान्यच, पण निमित्त म्हणून भावातला फरकच सापडावा हे बोलकं नाही का? करारात लिहिलेली रक्कम पुढे आपोआप वाढत जाते, हे हत्यार हाताशी होतं म्हणून चाललं.

पुण्या-नाशिकचं म्हणाल तर बरोबर, म्हणूनच मी तुंगभद्रा लिहिलं. रेघ ओढायचीच तर कृष्णा-तुंगभद्रेच्या आसपास ओढा, वर रुपया जिंकला, खाली होन टिकला. वर तो जिंकला कारण छावणी तिथे होती. बादशहा १६८१ ला बुऱ्हाणपुरात आला तो १७०७ ला अहमदनगरला मरेपर्यंत परत गेलाच नाही, आणि त्याच्याबरोबर लाखोंचा लवाजमा, सगळ्यांना पगार रुपयात. शेवटी शेवटी तर बंगालहून मुर्शिदकुलीखान दरसाल एक कोट रुपये धाडायचा तेव्हा छावणीची चूल पेटायची. इतकी चांदी पंचवीस वर्षं ओतल्यावर इथला बाजार रुपयाला सरावणारच. कर्नाटकात मात्र वसूल होनात यायचा, तो बदलताना सराफ बट्टा कापायचे, म्हणजे साम्राज्य आपल्याच महसुलावर दलाली भरत होतं. त्यापेक्षा आपणच होन पाडा हे शहाणपण इम्तियाजगडला सुचलं असणार.

अजून एक पुरावा. हैदरअलीने १७६३ ला बिदनूर घेतलं आणि स्वतःचा होन काढला, त्यावर एका बाजूला शिवपार्वती तशीच ठेवली, मागे फक्त आपल्या नावाचं फारसी अक्षर! लोक ते चित्र ओळखत होते, घेत होते, बस्स. धर्म वगैरे टांकसाळीच्या दारात जरा बाजूला उभा राहायचा.

बोलघेवडा:

अवांतर: जहांगीरने १००० तोळ्यांची मोहर काढली होती ना, जवळपास १२ किलोची? ती कुठल्या खिशात ठेवायचे? =))

टांकसाळ्या:

बोलघेवडे, ती आग्र्याची, १६१३ ची. भेट द्यायला काढलेली, खिशाचा प्रश्नच नाही. दख्खनशी संबंध नाही, वेगळा धागा काढा, मी येतो.

वाचनवेडी:

औरंगजेबानंतर काय झालं ते कोणी लिहील का? कामबक्षाचीही नाणी आहेत असं वाचल्यासारखं वाटतं.

दर्यावर्दी:

आहेत की. औरंगजेब गेल्यावर धाकटा कामबक्ष विजापुरात बादशहा म्हणून बसला, मग हैदराबाद घेतलं. त्याच्या नाण्यावर फारसी बैत (दोन ओळींचं पद्य) आहे, भावार्थ असा की दख्खनेत सूर्यचंद्रावर शिक्का मारला, बादशहा कामबक्ष दीनपनाह (धर्माचा आधार). सूर्य म्हणजे सोनं आणि चंद्र म्हणजे चांदी हे कळलंच असेल. बापाच्या नाण्यावर पण तसंच होतं, मोहरेवर तेजस्वी सूर्यासारखा आणि रुपयावर पौर्णिमेच्या चंद्रासारखा शिक्का जगात चालवला, अशी ओळ. बापाने निदान ‘जगात’ म्हणलं, पोराने ‘दख्खनेत’. दावा तख्ताचा, नाणं मात्र प्रांतापुरतं. जानेवारी १७०९ मधे थोरल्या भावाने, बहादुरशहाने, हैदराबादजवळ त्याला संपवलं. दोन वर्षांच्या आतला कारभार म्हणून ती नाणी संग्राहकांत भाव खातात.

याच कामबक्षाने १६९२ मधे मद्रासच्या इंग्रजांना मोगली रुपया पाडायची परवानगी दिली होती, टांकसाळीचं नाव चिनापट्टण. इंग्रजांनी रुपयेही पाडले आणि सोबत होनही सोडले नाहीत, तो धंदा ते आधीपासून करतच होते. चिंतूशेठसाठी शेवटचा खिळा: मद्रास इलाख्यात होन अधिकृतपणे बंद होऊन रुपया हिशोबाचं चलन झाला तो १८१८ ला, १०० स्टार पॅगोडांना (पॅगोडा म्हणजे इंग्रजांच्या तोंडचा होन) ३५० रुपये या भावाने. गोवळकोंडा पडून १३१ वर्षं झाली होती.

चिकित्सक_चिंतू:

१८१८ ला पेशवाईही गेली होती, त्यामुळे त्या वर्षी काय काय बंद झालं त्याची यादी मोठी आहे. पण मुद्दा पोचला. तुंगभद्रेची रेघ मला मान्य, ‘वाकवलं’ हा शब्द मान्य नाही. व्यवहार पाहून वागले म्हणा.

सोनकेवडा:

पहिल्यांदाच लिहितेय. सासूबाईंच्या माळेत एक जुनी मोहर आहे, कडी लावलेली, सगळी फारसी अक्षरं. मधोमध सराफाने दोन ठिकाणी टोचल्यासारखं केलंय. ती कुठली हे कसं ओळखायचं? वजन कडीसकट ११.३ भरलं. ज्या बाजूला आकडा दिसतो तो ४० वाटतो, शून्य म्हणजे नुसता टिंब आहे. दुसऱ्या बाजूला काठावर सन असेल तो अर्धा कापला गेलाय. फोटो जोडलाय.

टांकसाळ्या:

सोनकेवडाताई, स्वागत. फोटो बघितला, छान आहे हो!

ती टोचणी म्हणजे सराफाची परख, आत दुसरा धातू नाही ना ते बघायला. त्याने बिचकू नका, खोट्या मोहरेला सहसा कोणी इतकं टोचत बसत नाही. सन कापला गेलाय कारण ठसा मोठा आणि सोन्याची चकती लहान असायची, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच बसतो.

आकड्याच्या बाजूला वरून खाली मानूस, मैमनत, सनह जुलूस असं येतं, म्हणजे राज्यारोहणाचं वर्ष, आणि सगळ्यात खालच्या ओळीत जर्ब (म्हणजे ‘ठसा मारला’) आणि टांकसाळ. तुमच्या नाण्यावर खाली ‘शोलापूर’ आहे, शेवटचा ‘र’ कडीच्या झाळाखाली गेलाय. मागच्या बाजूला मधल्या ओळीत सूर्यवाली बैत आणि आलमगीर स्पष्ट दिसतंय. जुलूस ४० म्हणजे हिजरी ११०७-०८, आपले १६९६-९७. त्या वर्षी बादशहाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, म्हणजे मंगळवेढ्याजवळचं माचणूर. सोलापूर तिथून फार लांब नाही. तुमची मोहर त्या छावणीच्या काळातली, अगदी जवळच्या टांकसाळीची.

कडी काढायला मात्र कोणाला देऊ नका, झाळ काढताना अक्षरं जातात. आणि ब्रशने, चिंचेने घासू नका.

सह्यकडा:

माचणूर! किल्ल्याची तटबंदी अजून उभी आहे तिथे, शेजारी सिद्धेश्वराचं देऊळ. पंढरपूरला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून बघावं.

सोनकेवडा:

बाप रे. सासूबाई म्हणतायत की ही मोहर त्यांच्या आजीच्या माहेरची, आणि ते घर मंगळवेढ्याचंच. कडी काढत नाही, आणि चिंचेचं मात्र आता सांगून उपयोग नाही, दर दिवाळीला होतं ते :(

टांकसाळ्या:

होऊ दे हो, तीनशे वर्षं टिकलीय ती. पुढचा फोटो उन्हात तिरका धरून काढा, म्हणजे ‘शोलापूर’च्या वरची ओळ नीट वाचता येईल.